खांबामागचा जिना

ताईला पाहायला आले तेव्हा अरविंदभावोजींनी तिला एकही प्रश्न विचारला नाही. जुन्या पनवेलातल्या आमच्या दोन खोल्यांत दहा माणसं दाटीवाटीनं बसली होती. पोहे झाले, चहा झाला, ताईचं शिक्षण, शिवणकाम आणि गाण्याच्या दोन परीक्षा हेही आईनं सांगून टाकलं. शेवटी बाबा रीतीप्रमाणे म्हणाले, "तुम्हांला काही विचारायचंय का?" मुलगा मघापासून भिंतींकडे बघत होता. त्यानं विचारलं, "ह्या घराला मागचं दार कुठेय?"

मुलगा पळून जायची वाट शोधतोय, असं बाबांना वाटलं. "मागचं दार नाही," ते इतके ओशाळून म्हणाले, की जणू मानपानातली एखादी वस्तू आणायची राहून गेली होती. "मग एक करून घ्या," मुलगा गंभीरपणे म्हणाला, "पुढच्या खोलीत स्टोव्ह भडकला तर आतली माणसं कुठून निघणार?" मी तेव्हा नववीत होतो. मला हा माणूस फारच आगाऊ वाटला. ताईला आवडला. "त्यांनी निदान घर तरी नीट पाहिलं," ती नंतर म्हणायची. "आधीचे तिघं नुसते मलाच पाहून गेले."

ही सवय त्यांची जन्मभर टिकली. लग्नाचं कार्यालय असो, नाट्यगृह असो, कोणाला भेटायला गेलेला दवाखाना असो, भावोजी आधी खुर्चीवर रुमाल ठेवायचे, बाहेर पडायची दुसरी वाट शोधून यायचे आणि मगच टेकायचे. माझ्या लग्नात तर अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकांचं तिसरं कडवं चाललेलं, आणि भावोजी मागून येऊन माझ्या कानात म्हणाले, "नंदू, भटारखान्याच्या बाजूला एक दार आहे. उघडंच आहे." ते दार मी आजवर वापरलेलं नाही, हे माझ्या पत्नीच्या माहितीसाठी इथे नमूद करून ठेवतो.

भावोजी आराखडे काढायचे. सुरुवातीला शाईच्या पेननं पारदर्शक कागदावर, नंतर संगणकावर. नोकरीची शेवटची सात-आठ वर्षं त्यांनी मुंबईच्या एका जुन्या, गजबजलेल्या रस्त्याच्या पोटात होणाऱ्या भुयारी मेट्रो स्टेशनवर घालवली. लग्नानंतर काही वर्षांनी त्यांनी सुकापूरला फ्लॅट घेतला होता. रविवारी आम्ही जेवायला गेलो की ते स्टेशन आमच्या ताटांमध्ये येऊन बसायचं. एकदा त्यांनी ताईचा चार पुडांचा डबा मागवला. "हा वरचा पूड म्हणजे रस्त्याखालची माती आणि पाण्याचे नळ. ह्या दुसऱ्यात तिकिटं. तिसऱ्यात यंत्रं. सगळ्यांत खाली फलाट." मग झाकण लावून म्हणाले, "घर पायापासून वर बांधतात. आम्ही आधी झाकण घालतो, त्यावरून गाड्या सोडतो आणि मग खालचे पूड कोरत जातो. रस्ता फार दिवस बंद ठेवता येत नाही ना."

"आणि माझी भाजी त्या डब्यात होती, ती कुठे ओतलीत?" ताई स्वयंपाकघरातून म्हणाली.

खणताना काय काय लागलं, हे ते पुराण सांगावं तसं सांगायचे. डांबराखाली डांबर, त्याखाली दगडी फरशी, तिच्यात जुन्या ट्रामचा गंजलेला रूळ. मग भरावाचा मुरूम. मग काळा चिखल आणि त्यात कालवांचे शिंपले, म्हणजे कधीकाळी तिथवर खाडी होती. आणि त्याखाली काळा फत्तर, ज्याच्यावर सगळ्या यंत्रांचे दात मोडायचे. "शहराचा इतिहास वरून खाली वाचायचा," ते म्हणायचे. "वर बघून फक्त दुकानांच्या पाट्या वाचता येतात."

त्यांच्या इमारतीशेजारी बाळारामशेठ पाटलांचा मोकळा प्लॉट होता. शेठ मूळचे सुकापूरचेच. वाडवडिलांची शेती आणि उरणकडे मिठागरं, आता स्वतः बिल्डर. गळ्यात साखळी, पायात साधी चप्पल, आणि भावोजींवर फार जीव. जमिनीखालचं पाणी स्टेशनला खालून कसं वर ढकलतं, पाण्यात दाबून धरलेलं रिकामं घमेलं उसळावं तसं, हे भावोजी आम्हांला तासभर समजावत होते. आम्ही माना डोलावत होतो. शेठ म्हणाले, "त्यात काय नवा हाय? आमच्या मिठागराच्या बांदाला पन पानी खालनंच उचलतंय. वरनं येनारा पानी दिसतंय तरी." भावोजींनी त्यांना लगेच सांगून टाकलं, "शेठ, तुम्ही आमच्या ऑफिसात पाहिजे होता."

ह्याच प्लॉटवर भावोजी स्टेशन आखायचे. कबड्डीच्या मैदानाला मारतात ती पांढरी फक्की घेऊन, फलाटाचं एक टोक खऱ्या मापानं. खांबांचे चौकोन, सरकत्या जिन्याचा पट्टा, आणि टोकाला बाहेर पडायचा आणीबाणीचा जिना, पायऱ्या म्हणून आडव्या रेघा. ऑफिसात ह्या सगळ्याची चित्रं फिरवून बघायची यंत्रं होती, पण भावोजींचा त्यांच्यावर भरवसा नव्हता. "खुर्चीत बसून कोणी हरवत नाही," ते म्हणायचे. मग रविवारच्या जेवणाच्या बदल्यात आम्ही सगळे प्रवासी व्हायचो. आईच्या हातात दोन पिशव्या, माझ्या पत्नीच्या हाताला शेजारचं मूल. भावोजी शिट्टी वाजवून ओरडायचे, "धूर! निघा!" की आम्ही उन्हात जिना शोधत फिरायचो.

माझं ह्यात खास स्थान होतं. मी रस्ता चुकणारा माणूस आहे. पनवेलच्या एस.टी. डेपोत, जिथे मी जन्मापासून जातोय, मी अजूनही चुकीच्या बाजूनं शिरतो. खारघरला एकदा मित्राकडे जेवायला गेलो, तर शेजारच्या टॉवरमध्ये एका अनोळखी घरी पाणी पिऊन आलो. भावोजींना माझ्या ह्या गुणाचं कोण कौतुक! "हुशार माणसं काय, कशातूनही वाट काढतात," ते म्हणायचे. "नंदूला सापडला पाहिजे. नंदू चुकला म्हणजे आराखडा चुकला." माझ्या मूर्खपणाचा एवढा सन्मान दुसऱ्या कोणी केलेला नाही.

आणि एका उन्हाळ्यात मला तो टोकाचा जिना पहिल्या फटक्यात सापडला. आईलाही, मुलालाही. भावोजींनी माझी पाठ थोपटली. "पास! नंदूसुद्धा बाहेर पडला." तो आराखडा पुढे मंजूर झाला. पावसाळा गेला, तिकडे मुंबईत त्या टोकाचं खणकाम सुरू झालं, आणि इकडे भावोजी निवृत्तीचे महिने मोजू लागले. आठ उरले होते. ज्यांच्या हातचे आराखडे आहेत त्यांना पहिल्या गाडीतून नेऊ, असं ऑफिसात त्यांना सांगितलं होतं. ताईनं त्या दिवसासाठी साडीसुद्धा काढून ठेवली होती.

त्याच सुमारास शेठच्या मुलीची हळद आली. मांडव त्या प्लॉटवरच. हळदीच्या दोन दिवस आधी भावोजींनी फक्की पुन्हा मारलेली होती, तेच टोक, मंजूर आराखड्याप्रमाणे, ऑफिसात हाताखाली आलेल्या नव्या मुलींना दाखवायला. शेठनी मांडववाल्याला जागा दाखवली आणि ते आमंत्रणं करायला गेले. मांडववाल्यानं बघितलं, तर जमिनीवर रेघा तयार. मांडवाच्या खुणा फक्कीनंच मारतात. त्याला वाटलं, शेठनी मापं घेऊन ठेवलीत. चौकोन दिसले तिथे त्यानं बांबूच्या सांगाड्याला गुलाबी कापड लपेटून जाडजूड खांब उभे केले, आणि जिन्याच्या आडव्या रेघा दिसल्या तिथे कनातीत बाजूची वाट ठेवली. सरकत्या जिन्याच्या पट्ट्यावर त्यानं कमान उभारली. संध्याकाळी आम्ही सगळे त्या कमानीतून आत गेलो. भावोजी दारातच थांबले आणि खांबांकडे बघत राहिले.

"भावजी, काय बघताव?" शेठ हळदीनं माखलेल्या हातांनीच आले. "मांडववाला बोलला, मापा कोनी आधीच टाकलीत. मी पन बोललो, बरा झाला, काम वाचला!"

"शेठ, तुम्ही माझ्या फलाटावर हळद लावताय," भावोजी हसून म्हणाले.

धवलारणी बायका हळदीचे धवले गात होत्या, पोरं नाचत होती, मागच्या बाजूला आचाऱ्यांच्या कढया चढल्या होत्या. त्यातली एक तेलाची कढई पेटली. ज्वाळ फारशी नव्हती, पण काळाकुट्ट धूर कनातीवरून आत लोटला आणि कोणीतरी "आग!" म्हणून ओरडलं. दोन-अडीचशे माणसं उठली आणि आली होती त्याच कमानीकडे धावली. मीही धावलो. आचाऱ्यांनी ओली गोणपाटं टाकून कढई विझवली, सगळं पाच मिनिटांत निवळलं. पण कमानीत रेटारेटी झाली आणि आई पडली. तिच्यावरून दोघं-तिघं गेले. मनगट मोडलं, गुडघा सोलवटला. तिचं वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर.

शेठनी गाडी काढली, ताई आईला घेऊन बसली. मी भावोजींना हाक मारायला मागे वळलो, तर ते रिकाम्या मांडवाच्या मध्यावर उभे होते.

"चला ना भावोजी!"

"नंदू, तुला बाजूची वाट दिसली होती?"

"कुठली वाट?"

त्यांनी माझं मनगट धरून मला खांबाच्या पलीकडे नेलं. आई बसली होती तिथून जेमतेम दहा पावलांवर कनात उघडी होती. पलीकडे मोकळा रस्ता, एक रिक्षा उभी. एवढ्या माणसांतून तिथून एकही जण गेला नव्हता.

"उन्हाळ्यात तुला हीच वाट सापडली होती," ते म्हणाले. "तेव्हा खांब नव्हता. नुसता चौकोन होता." त्यांनी त्या गुलाबी कापडावर हात ठेवला. "हा खांब मी आखलाय, नंदू. ह्याच्या मागे जिना मीच ठेवलाय. कागदावर मी वरून बघतो रे. वरून बघणाऱ्याला सगळी दारं दिसतात. धुरातला माणूस जमिनीवर उभा असतो."

दवाखान्यात आईनं प्लास्टर लावलेला हात छातीशी धरून सांगितलं, "मला काय माहीत दुसरी वाट? मी आले तिथूनच निघाले." भावोजींनी तिच्या पायांना हात लावला. जावयानं असं करू नये म्हणून आई केवढी संकोचली.

पुढचा आठवडा त्यांच्या घरात कोणी धड जेवलं नाही. आराखडा नियमात बसत होता. फलाटापासून जिन्यापर्यंतचं अंतर बरोबर होतं, रुंदी बरोबर होती, बाणाची पाटी लागणार होती. तपासणाऱ्यांनी सह्या केल्या होत्या. भावोजी बोलले नसते तर कोणालाही, कधीही कळलं नसतं. आणि बोलले तर खणकाम थांबणार, बांधलेल्या सळ्या कापाव्या लागणार, आणि चाळीस वर्षांत एकही आराखडा परत न आलेला माणूस जाता जाता चुकला म्हणून सगळ्यांच्या तोंडी होणार.

ताई सरळ म्हणाली, "आठ महिने राहिलेत. पाटी लावणार आहेत ना? लोक आंधळे आहेत का?"

"तुझी आई आंधळी आहे का?" भावोजी म्हणाले.

मीही मागे राहिलो नाही. मी एका शाळेच्या कार्यालयात जन्म काढला आहे. चूक कुठल्या फाइलीत ठेवली म्हणजे सापडत नाही, ह्याचं ज्ञान मला उपजत आहे. मी शहाणपणानं म्हटलं, "भावोजी, बघायला बसलंय कोण?"

"मी बघितलंय ना," ते म्हणाले.

त्यांनी पत्र लिहिलं आणि मला तपासायला दिलं. पत्रं लिहिण्यात माझा हात धरणारा आमच्या शाळेत कोणी नाही. मी ते गुळगुळीत करून दिलं. काही बाबींचा फेरविचार व्हावा, सर्वसाधारण सुरक्षिततेच्या दृष्टीने, वगैरे. भावोजींनी ते वाचून चष्मा काढला. "फार छान लिहिलंस. ह्यात मी सापडतच नाही." आणि कोऱ्या कागदावर पहिली ओळ लिहिली : ही चूक माझी आहे.

साहेब त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान होते. त्यांनी विचारलं, "नियमात बसतंय ना, मग?" भावोजी म्हणाले, "नियमात बसतंय, साहेब. नजरेत बसत नाही." तीन आठवडे कोणी काही बोललं नाही. मग एके दिवशी ऑफिसातल्याच माणसांनी गोदामात प्लायवुडचे खांब उभे करून चालून पाहिलं. बाराजणांपैकी नऊजण आले तिकडेच परत गेले. त्यानंतर निर्णय झाला. खांब हलणार नव्हता, त्याच्या डोक्यावर अख्खा रस्ता होता. पण जिन्याचं तोंड वळवता येत होतं. यंत्रांची एक खोली लहान करून ते फलाटाकडे वळवलं, सळ्या कापून पुन्हा बांधल्या, आणि फलाटावर कुठेही उभं राहिलं तरी दार दिसेल असं झालं.

नवा आराखडा दुसऱ्या कोणाच्या नावानं निघाला. भावोजींना उरलेले महिने गाड्यांच्या डेपोच्या कुंपणभिंतीचा आराखडा काढायला दिला. ते त्याचंही हसून सांगायचे, "कुंपण आहे, पण माझं आहे. कुठूनही बाहेर पडता येतं." ताई मात्र हसली नाही. निरोप समारंभाला पुष्पगुच्छ मिळाला, शाल मिळाली, वक्तशीरपणावर भाषण झालं. जिन्याबद्दल अक्षर नाही. पुढे काही वर्षांनी पहिली गाडी सुटली तेव्हा कोणी बोलावलं नाही. ती साडी ताईनं घडी न मोडता कपाटात वर टाकून दिली. "मला त्या स्टेशनाचं तोंड बघायचं नाही," असं तिनं सांगून टाकलं.

स्टेशन सुरू झाल्यावर महिन्याभरानं भावोजी आणि मी तिकीट काढून गेलो. वरच्या मजल्यावर भिंतीवर त्या जागेचा इतिहास लावलाय. ट्रामच्या रुळाचा फोटो, शिंपल्यांचा फोटो, खड्ड्यात उभ्या हेल्मेटवाल्यांचा फोटो. मी त्यात भावोजींना शोधत राहिलो आणि मला राग येत गेला. "एवढं सगळं लिहिलंय, आणि तुमचं कुठे काही—"

"नंदू, सरक. वाट अडवलीस."

खाली फलाटावर ते एका बाकावर बसले. समोर तो खांब, आता राखाडी दगडाचा, आणि त्याच्या शेजारी पूर्ण उघडं दिसणारं दार, वर हिरवा दिवा. ते दाराकडे फारसे बघतच नव्हते. गाडीतून उतरणाऱ्या माणसांच्या डोळ्यांकडे बघत होते. माणूस उतरला, मान वर केली, नजर फिरली, दारावरून गेली, की भावोजींची मान जराशी हलायची. तीन गाड्या गेल्या. एक रक्षक जवळ आला. "काका, गाडी पकडायची नाही का?"

"नाही. मी बघायला आलोय."

"काय बघायला?"

"काही होत नाही ना, ते."

रक्षक माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "काकांना सांभाळून न्या हं." मी हो म्हटलं. येताना भावोजी बोलले ते एवढंच : "धूर आणि माणूस, दोघंही वरच पळतात. जिन्यात त्यांची गाठ पडू द्यायची नाही, एवढंच आमचं काम."

गेल्या पौषात ते गेले. सकाळी अर्धा कप चहा प्यायले, उरलेला निवतोय असं ताईला सांगितलं आणि खुर्चीतच मान टाकली. बाळारामशेठ खांदा द्यायला पुढे होते. स्मशानात ते मला म्हणाले, "तुमचा भावजी येडा माणूस व्हता. असा येडा आमच्यात पन आता नाय गावत." आणि मोठ्यानं रडले.

दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले. महिन्याभरानं ताईचा फोन आला. "नंदू, मला तो जिना दाखव." मी म्हटलं, ताई, तुला त्रास होईल. ती म्हणाली, "दाखव म्हटलं ना."

आम्ही गेलो. इतिहासाच्या भिंतीसमोर ती थांबली नाही. फलाटावर मी दार दाखवलं. त्याला डोळ्यांच्या उंचीवर काचेची उभी पट्टी आहे. ताईनं काचेला दोन्ही तळहात लावून आत पाहिलं. पायऱ्या वर जाताना दिसत होत्या. राखाडी, सरळ, कडा अजून धारदार, आणि त्यांच्यावर एकसारखी बारीक धूळ. मागे गाडी येऊन थांबली, माणसं उतरली, आमच्या दोन्ही बाजूंनी पांगली, गाडी गेली. ताई तशीच.

"ह्यावरून कोणी गेलेलं दिसत नाही," ती म्हणाली.

"आणीबाणीचा आहे ना, ताई. वापरत नाहीत."

"ह्याच्यासाठी पाच वर्षं धड बोलले नाही मी त्यांच्याशी." तिनं काच सोडली नाही. श्वासानं काचेवर वाफ धरली होती, ती पदरानं पुसून तिनं पुन्हा आत पाहिलं. मग अगदी हळू, देवासमोर बोलावं तसं म्हणाली, "ह्या पायऱ्या अशाच नव्या राहू देत."